सावकाराचं व्याज, कार्डाचं व्याज आणि दवाखान्याचं बिल

मंडळी, आज आधी एक कोडं.

समजा आमच्या सिंदेवाहीत (जिल्हा चंद्रपूर, नकाशावर नागभीड आणि मूल यांच्या मध्ये बोट ठेवा, सापडेल) एक परवानाधारक सावकार आहे. शेतकरी नसलेल्या एखाद्या माणसाला त्याने काहीही गहाण न घेता एक लाख रुपये दिले. कायद्याने तो वर्षाला जास्तीत जास्त किती व्याज लावू शकतो? महाराष्ट्र सरकारने २०१४ साली ठरवून दिलेला दर आहे १८ टक्के. कर्ज घेणारा शेतकरी असेल तर विनातारण १२ आणि तारण असेल तर फक्त ९.

आता दुसरा प्रश्न. पुण्यात किंवा बंगळुरात बसून तुम्ही तेच एक लाख रुपये क्रेडिट कार्डावर उचलले आणि वेळेत फेडले नाहीत, तर व्याज किती? बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

म्हणजे ज्या सावकाराला आपण सिनेमात लहानपणापासून खलनायक म्हणून बघत आलो, त्याला जे करायला कायद्याने बंदी आहे ते तुमच्या खिशातलं प्लास्टिक बिनदिक्कत करतं. आणि हे बेकायदेशीर नाही बरं का! सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला त्यावर शिक्काच मारला. त्याबद्दल पुढे येईलच.

हा फरक पडला कसा, हे शोधायला मी गेले काही शनिवार-रविवार घालवले. मी वकील नाही, अर्थशास्त्रीही नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आजूबाजूला एक गोष्ट सारखी दिसते. तिशीच्या आतला मुलगा किंवा मुलगी, पगार बरा, गावाकडे आई-बाबा. एक दिवस फोन येतो, बाबांना नागपूरला भरती केलंय. काउंटरवर डिपॉझिट मागतात, आणि रात्री अकरा वाजता हाताशी असतं ते कार्ड. ते घासलं जातं. त्यात चूक काहीच नाही, माणूस महत्त्वाचा. प्रश्न सुरू होतो तो पुढच्या महिन्यापासून.

आजारपण आणि कर्ज यांची ही जोडी आपल्या भागात नवी नाही. म्हणून थोडा इतिहास.

धान, मालगुजार आणि सवाई-दिढी

सिंदेवाहीचा भाग धानाचा. जंगल, तलाव आणि बांध्या. इथे शेतीला पाणी पुरवणारे जुने तलाव आजही 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. त्यातला 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार हा गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा माणूस. १९५० च्या कायद्याने ही पद्धत गेली, पण त्याआधी कित्येक गावांत जमीन, तलाव आणि उधारी या तिन्ही गोष्टी एकाच वाड्याशी बांधलेल्या असायच्या.

उधारी बऱ्याचदा पैशात नव्हे, धानात चालायची. मध्य प्रांतात त्याला ठरलेले शब्द होते. 'सवाई' म्हणजे एक खंडी घेतलं तर हंगामाला सव्वा खंडी परत. 'दिढी' म्हणजे दीड खंडी. सहा-आठ महिन्यांत २५ किंवा ५० टक्के! ऐकायला भयंकर वाटतं, पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. हे कर्ज रोवणीच्या वेळचं, कापणीला फिटणारं. बी पेरलं की त्यातून काहीतरी उगवणार होतं. फेडीचा रस्ता कर्जाच्या पोटातच होता.

आजारपणाच्या कर्जात तो नसतो. दवाखान्यात घातलेल्या पैशातून धान उगवत नाही. उलट कमावता माणूस खाटेवर पडला की उत्पन्न बंद आणि खर्च चालू, दोन्ही एकदम. म्हणून तोच व्याजदर बियाण्याच्या कर्जावर जेवढा लागतो, त्यापेक्षा आजारपणाच्या कर्जावर कितीतरी जास्त लागतो. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

दामदुप्पट म्हणजे लूपमधली बाहेर पडायची अट

जुन्या हिंदू कायद्यात एक सुंदर नियम होता, 'दामदुप्पट'. म्हणजे काय तर एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर घेतले, कितीही वर्षं थकले, तरी एका वेळी मुद्दल आणि व्याज मिळून दोनशेच्या वर मागायचे नाहीत. मनुस्मृतीत हा नियम आहे, आणि इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातली न्यायालयं हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो पाळत होती.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा लूप तोडणारा ब्रेक. व्याजाचा दर किती, यावर तो काहीच बोलत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की हा कार्यक्रम अनंतकाळ चालणार नाही. सावकारालाही त्यातून एक इशारा मिळायचा की भल्या माणसा, वेळेत वसूल कर, नुसतं आकडे वाढवत बसू नकोस.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य कंपनी सरकारने खालसा केलं आणि चांदा मुलुख इंग्रजांकडे गेला. लगेच १८५५ मध्ये सरकारने व्याजावर मर्यादा घालणारे जुने कायदेच रद्द केले. विचार असा की दोन शहाण्या माणसांनी कागदावर जे ठरवलं ते ठरवलं, न्यायालयाने मध्ये पडायचं नाही. लंडनमध्ये नुकतंच तसं झालं होतं, म्हणून इथेही.

पण इथे कागद लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा! त्याचा परिणाम वीस वर्षांत दिसला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तिथून पुणे-नगर भागात हे लोण पसरलं. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांसाठी वाचलंय. त्यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. लोकांना हवे होते ते कर्जाचे कागद. खतं मिळाली, ती जाळली, की बहुतेक ठिकाणी गर्दी शांत व्हायची. डेटाबेस उडवायचा होता म्हणा ना.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यातली महत्त्वाची तरतूद ही की न्यायाधीश कागदाच्या मागे जाऊ शकतो. मूळ रक्कम किती दिली, व्याज किती चढवलं, हे खोदून बघू शकतो, व्याज कमी करू शकतो, हप्ते बांधून देऊ शकतो. १८५५ चा 'कागद म्हणेल ते खरं' हा विचार चोवीस वर्षांत मागे घ्यावा लागला.

चांदा जिल्हा मात्र मध्य प्रांतात होता, त्याची वाट निराळी. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर धान्याचे भाव कोसळले, कर्ज मात्र रुपयांत तेवढंच राहिलं. मग मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा आला. मंडळासमोर ऋणको आणि सावकार दोघांना बसवून किती रक्कम खरोखर फिटू शकते ते ठरवायचं. पाठोपाठ १९३४ चा सावकारी कायदा. सावकाराने नीट हिशोब ठेवायचा आणि ऋणकोला तो द्यायचा. आज आपल्याला दर महिन्याला जे स्टेटमेंट येतं ना, त्याचा हा पणजोबा.

मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने दामदुप्पट थेट कायद्यातच लिहिली आणि ती फक्त हिंदूंपुरती न ठेवता सगळ्यांना लावली. २०१४ मध्ये त्याच्या जागी महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आला, तो सिंदेवाहीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे एकच. मधल्या काळात आणीबाणीत, १९७५ साली, लहान शेतकरी आणि मजुरांची सावकारी कर्जं सरळ माफ करणारा कायदाही झाला. त्याला आव्हान मिळालं तेव्हा १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

थोडक्यात काय, शंभर-सव्वाशे वर्षं धडपडून आपण सावकाराच्या गळ्यात घंटा बांधली.

दवाखान्याचं बिल कुठून आलं?

आता दुसरा धागा. जुन्या काळी माणसं आजारी पडायचीच, हिवताप तर या जंगलपट्ट्यात घरचाच पाहुणा. पण त्या काळच्या कर्जाचे हिशोब बघितले तर लग्न, बैल, बी-बियाणं आणि सारा हेच शब्द जास्त दिसतात. कारण सरळ आहे. विकत घेण्यासारखा इलाज फारसा नव्हताच. वैदू, झाडपाला, देवाला बोललेला नवस. माणूस वाचला नाही तरी जमीन वाचायची.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदललं. सलाईन, ऑपरेशन, सीटी स्कॅन, आयसीयू आलं. माणूस वाचू लागला ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुरकुर नाही. पण त्याला किंमत लागली, आणि ती किंमत आधी कोणी सांगत नाही. सिंदेवाहीहून जड केस म्हटली की ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोली, नाहीतर सरळ नागपूर. गाडीभाडं, नातेवाइकाचं राहणं-खाणं, बुडालेली मजुरी, हे कुठल्याच बिलात येत नाही. सिकलसेलसारखा आजार घरात असेल (आमच्या पट्ट्यात तो बराच आहे) तर हे एकदाचं नसतं, दर काही महिन्यांनी असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आमच्या शेजारच्या तालुक्यातलं. दादाजी खोब्रागडे. गाव नांदेड, पण मराठवाड्यातलं नव्हे, नागभीड तालुक्यातलं. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' नावाच्या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि त्यातून बारीक, चवदार तांदळाचं वाण तयार झालं. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून धानालाही नाव पडलं 'एचएमटी'. आज तुम्ही पुण्या-मुंबईच्या दुकानात 'एचएमटी कोलम' मागता ना, त्याचं मूळ हे.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं. १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण बाहेर आलं, आणि श्रेयावरून जो वाद झाला तो दादाजींच्या हयातीत मिटला नाही. पुढे राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते सन्मान झाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव आलं.

पण आजचा मुद्दा तो नाही. याच माणसाला घरातल्या आजारपणापायी स्वतःचं शेत विकावं लागलं आणि नातेवाइकाने दिलेल्या दीड एकरावर त्याने प्रयोग चालू ठेवले. शेवटच्या दिवसांत त्यांना पक्षाघात झाला, तेव्हा उपचाराच्या पैशांसाठी कुटुंब मदत मागतंय अशा बातम्या आल्या. ३ जून २०१८ ला ते गेले. ज्याच्या धानावर हजारो शेतकरी आणि गिरणीवाले चार पैसे कमावतात, त्या माणसाच्या घरी दवाखान्याचं बिल जमिनीपेक्षा मोठं ठरलं.

आणि इथे एक गंमत (कसली गंमत म्हणा) बघा. धानासाठी कर्ज द्यायला १९०४ पासून सहकारी पतसंस्थांचा कायदा आहे. सोसायटी आहे, पीककर्ज आहे, वेळेत फेडलं तर व्याजात सवलत आहे. धान आजारी पडू नये म्हणून एवढी व्यवस्था, पण धान पिकवणारा आजारी पडला तर त्याच्यासाठी अशी वेगळी, स्वस्त खिडकी नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागात दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च मुख्यतः कशातून केला हे विचारलं होतं. सुमारे ८० टक्के लोकांनी बचत किंवा उत्पन्न सांगितलं आणि १३ टक्क्यांनी उधारी. म्हणजे शंभरातले तेरा जण बाहेर पडताना औषधांच्या पिशवीबरोबर कर्जही घरी नेतात.

घंटा कोणी सोडवली?

आता दोन्ही धागे जुळतात ते क्रेडिट कार्डापाशी.

भारतात बँकेचं क्रेडिट कार्ड १९८० मध्ये सेंट्रल बँकेने आणलं. तेव्हा ते प्रतिष्ठेचं काम होतं, मोजक्या साहेबलोकांकडे असायचं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९८४ मध्ये, बँकिंग नियमन कायद्यात '२१-अ' नावाचं एक छोटं कलम घातलं गेलं. त्याचा अर्थ असा की बँकेने लावलेलं व्याज फार जास्त आहे, या कारणावरून न्यायालय तो व्यवहार पुन्हा उघडणार नाही. १९१८ च्या कायद्याने न्यायाधीशांना जाचक व्याज तपासायचा अधिकार दिला होता, तो बँकांपुरता काढून घेतला गेला. १८७९ मध्ये 'कागदाच्या मागे जा' म्हणणारा कायदा आला होता, १९८४ मध्ये बँकांसाठी 'कागदाच्या मागे जाऊ नका' म्हणणारा आला. तेव्हा कोणाला फारसं काही वाटलं नसावं, कारण बँकांचे दर रिझर्व्ह बँकच ठरवत होती. १९९० च्या दशकात ते दर मोकळे झाले, कार्डं गल्लोगल्ली वाटली गेली, आणि मग त्या कलमाचं वजन कळलं.

२००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की लूटमार वाटेल असे दर लावू नका, पण आकडा ठरवून दिला नाही. एका ग्राहक संघटनेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेली. ७ जुलै २००८ ला आयोग म्हणाला की कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, निकाल स्थगित झाला आणि तब्बल सोळा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यायालयाने तो रद्द केला. कारण असं की दर किती असावा हे बघणं रिझर्व्ह बँकेचं काम, ग्राहक आयोगाचं नव्हे. शिवाय ग्राहकाला अटी आधी सांगितलेल्या असतात.

'अटी आधी सांगितलेल्या असतात' हे वाचलं आणि मला १८५५ आठवलं. फरक एवढाच की तेव्हा अंगठा होता, आता 'मला मान्य आहे' वर टिचकी असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बँकेचं म्हणणं असं की हे कर्ज विनातारण आहे, बरेच लोक बुडवतात, आणि पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्याला आम्ही पन्नासेक दिवस पैसे फुकट वापरू देतोच की. खरं आहे. मी स्वतः कार्ड वापरतो आणि पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी ते छान हत्यार आहे. पण दवाखान्याचं बिल ही नेमकी तीच जागा आहे जिथे पूर्ण भरता येत नाही.

आता गणित

आमचं आवडतं काम. एक लाखाचं बिल कार्डावर, दर महिना साडेतीन टक्के, दरमहा थकबाकीच्या ५ टक्के 'किमान देय रक्कम' भरली, नवी खरेदी शून्य.

पहिला महिना: व्याज ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३०. एकूण थकबाकी १,०४,१३०. तुम्ही भरले सुमारे ५,२०६. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात गेले. मुद्दल कमी झालं १,०७६ रुपयांनी.

असं वर्षभर करा. बारा महिन्यांत खिशातून गेले जवळजवळ ५९ हजार. कर्ज कमी झालं सुमारे १२ हजारांनी. अजून ८८ हजार बाकी!

आता तेच एक लाख १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात बदला, मुदत दोन वर्षं. हप्ता साधारण ४,८०० रुपये. म्हणजे कार्डाच्या पहिल्या किमान रकमेपेक्षाही कमी. आणि दोन वर्षांत विषय संपला, एकूण भरले सुमारे १ लाख १५ हजार (प्रक्रिया शुल्क वेगळं). तेवढाच पगार, तेवढीच शिस्त, फक्त लूपला शेवट आहे.

अजून एक छुपी खोच. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे बिलानंतर बाबांची दर महिन्याची औषधं त्याच कार्डावर घेतली, तर त्या गोळ्यांवरही पहिल्या दिवसापासून ४२ टक्के.

छत एका बाजूला तरी हवं

या सगळ्या इतिहासातून मला जे दिसलं ते एका वाक्यात सांगतो. आजारपणाच्या कर्जात दोन गोष्टी बेलगाम सुटू शकतात, बिल आणि व्याज. दोन्ही एकाच वेळी मोकळ्या सुटल्या की घर बुडतं. त्यातल्या एकीला तरी धुरा घालायचा. व्याजाचा धुरा कार्डाच्या बाबतीत कायद्याने काढलाय, तो आपला आपणच घालायला लागणार. बिलाचा धुरा मात्र गेल्या तीसेक वर्षांत हळूहळू बांधला गेलाय, आणि आपल्यासारख्यांना तो माहीतच नसतो.

राज्याची जीवनदायी योजना १९९७ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत नव्याने आली. त्या आठांत गडचिरोली होता, चंद्रपूर नव्हता. म्हणजे सिंदेवाहीच्या माणसाला शेजारच्या जिल्ह्यातली योजना दिसायची पण मिळायची नाही! २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या राज्यात आली. २०१७ पासून नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. मर्यादा आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, २०२४ पासून पाच लाख, आणि पिवळ्या-केशरी रेशन कार्डाची अटही गेली. पांढरं कार्डवालेसुद्धा पात्र आहेत, हे मी सांगितल्यावर ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी भुवया उंचावल्या. अर्थात फक्त यादीतले उपचार आणि यादीतलीच रुग्णालयं, हे लक्षात ठेवा.

दुसरा धुरा धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१-अअ कलमाखाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. काचेच्या इमारतीतलं मोठं नाव हेसुद्धा कागदोपत्री धर्मादाय असू शकतं. विचारायला लाजायचं नाही.

आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त धुरा म्हणजे बिल होऊच न देणं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतलं नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. वेळेवरचा थर्मामीटर आणि प्रशिक्षित शेजारीण, आयसीयूपेक्षा कितीतरी स्वस्त. आपल्या घरात याचं भाषांतर म्हणजे बाबांची बीपीची गोळी न चुकणं.

देशपातळीवरही थोडा फरक पडलाय. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. अजून फार आहे, पण दिशा बरी आहे.

मग करायचं काय?

रात्री अकरा वाजता काउंटरवर हा लेख कोणी उघडणार नाही. म्हणून क्रम आत्ताच ठरवून ठेवा.

एक: आई-बाबांचं रेशन कार्ड, आधार, आरोग्य योजनेची कागदं यांचे फोटो फोनमध्ये. भरती होतानाच 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा. योजनेच्या रुग्णालयात हे लोक असतात.

दोन: विमा असेल तर उत्तम, पण खोलीभाड्याची मर्यादा आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत आज वाचा, तेव्हा नाही.

तीन: कार्ड घासावं लागलं तर घासा. पण ते पूल म्हणून, घर म्हणून नाही. पुढचं बिल यायच्या आत ती रक्कम स्वस्त कर्जात हलवा: ऑफिसचा ॲडव्हान्स, सोनेतारण, मुदत ठेवीवरचं कर्ज, पीएफमधून वैद्यकीय कारणासाठी उचल, शेवटी वैयक्तिक कर्ज.

चार: आधीच कार्डाची बाकी असेल, तर दवाखान्याची औषधं त्या कार्डावर घेऊ नका. रोख किंवा डेबिट.

पाच: तुमची स्वतःची दामदुप्पट लिहून ठेवा. एखाद्या कर्जावर भरलेलं व्याज मुद्दलाच्या अर्ध्यावर पोचलं, की थांबायचं, बँकेला फोन करायचा आणि तडजोड मागायची. १९३३ मध्ये मध्य प्रांतात त्यासाठी मंडळ बसायचं. आता ते आपल्यालाच बसवायचंय, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना आकडे दाखवून.

शेवटचं जरा कठीण आहे. पगारदार मुलाने घरी कर्जाचा आकडा सांगणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. बाबांना टेन्शन नको म्हणून आपण गप्प बसतो, आणि बाबा आपल्याला टेन्शन नको म्हणून छातीत दुखतंय हे सांगत नाहीत. दोघांच्याही गप्प बसण्यावर व्याज चढतं. सुप्याच्या शेतकऱ्यांना निदान आपलं कर्ज कुठल्या कागदावर आहे हे माहीत होतं, आणि ते एकमेकांना माहीत होतं. तेवढं तरी आपण करू शकतो. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा गोळ्यांबद्दल विचारा, रेशन कार्डाचा फोटो मागून घ्या, आणि बाकी किती आहे तेही सांगून टाका.